फुंकणी

दिवसाला पंचवीस-तीस छात्या माझ्यासमोर बसतात.
मी पुठ्ठ्याची नळी देते, नाकाला चिमटा लावते
आणि ओरडते:
फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!
पुढचा माणूस गोकाककडचा असला तर
ऊदरी, ऊदरी, इन्नू, इन्नू!
दोन भाषांत एकच वारा मागते मी.
संध्याकाळपर्यंत घसा माझाच बसतो.

आज मालन हुंदरे.
चुरमुऱ्याची भट्टी, कंग्राळीच्या अलीकडं,
सासऱ्याची, मग नवऱ्याची, मग नुसती तिची.
जळण म्हणजे भुसा, लाकडाची साल,
अडीनडीला सायकलचा टायर.
नळी हातात घेऊन हसली:
"फुंकायचंच की ओ? चाळीस वर्सं तेच केलंय.
आमची फुंकणी लोखंडाची, एवढाच फरक."

फुंकलं तिनं. दोन सेकंद, आणि खोकला.
सहा लागतात.
पुन्हा. पुन्हा.
पडद्यावर रेघ ताठ चढली आणि लगेच बसली,
दोरीवर ओली गोधडी टाकल्यावर
दोरीला पडतो तसा झोळ.
"घेतलेला सुटंना बाई.
आत येवालाय, भाईर जाईना."

मग म्हणाली,
"भट्टी बंद करून दोन वर्सं झाली. घरात गॅस आलाय.
मग हा धूर कुठला?"

या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नाही.

धूर नाही, मालनबाई.
धुराला हाकलायला जे आले होते, ते.
गावात दंगल झाली की बंदोबस्ताच्या गाड्या येतात,
शाळेच्या पटांगणात तंबू पडतात, बघितलंय ना?
दंगल मिटते.
कोल्हापूरची एसटी पुन्हा कोगनोळीचा नाका ओलांडते.
पण समजा, तंबू उठलेच नाहीत.
हुकूम कुणी मागं घेतलाच नाही.
हाताला काम नाही, हातात लाठी आहे,
थंडी वाजते म्हणून शाळेचीच बाकं जाळतात.
आणि शिट्टी वाजवून आणखी गाड्या बोलावतात.

तशा तुमच्या पांढऱ्या पेशी.
रक्तातून आल्या होत्या काजळी गिळायला.
गिळताना त्यांच्यातून एक रस सुटतो,
त्याला काजळी आणि भिंत यांतला फरक कळत नाही.
नळ्यांची कातडी आतून जाडावली,
वाट अरुंद झाली, तिच्यात चिकट कफ.
आणि वाटेच्या टोकाला राईएवढ्या खोल्या,
त्यांच्या मधल्या भिंती
एकेक करून पडत गेल्या.
सूज म्हणतात हिला.
पायाची सूज दाबली तर खळगा तरी पडतो.
ही दाबायला सापडत नाही.

ऐकत होती, पदराच्या टोकाला पीळ देत.
"म्हणजे तांदळागत," म्हणाली.
"तापल्या वाळूत दाणा टाकला की टम्म फुगतोय.
पोतं शिगोशीग भरतंय,
उचलाय गेलं तर हातात काय नाही."

मी नऊ वर्षं या खोलीत आहे.
भिंतीवर फुफ्फुसाचं रंगीत चित्र आहे, औषध कंपनीनं दिलेलं.
त्यात हे नाही.

"पंप ओढला की जाईल?"
सूज उतरेल थोडी. तंबू कमी होतील.
"आणि भित्ती?"
मी प्रिंटरकडं बघितलं. कागद अडकला होता.

उठताना तिनं नळी दिव्याकडं धरली,
एका डोळ्यानं आरपार बघितलं.
"चांगली हलकी आहे. न्हेऊ काय?
नातीला पिपाणी हुईल."
वापरलेली नळी पिवळ्या डब्यात टाकायची, असा नियम आहे.
मी खोक्यातली नवी काढून दिली.

दाराबाहेर बाकावर बसून
तिनं ती तोंडाला लावली, गंमत म्हणून.
मी आत पुढच्या माणसाचं नाव लिहीत होते
आणि सवयीनं, मनातल्या मनात, मोजत होते.
एक.
दोन.